सदतिसावा प्रश्न

३ फेब्रुवारी, सोमवार

यंदा दोन नग आलेत! शेवटच्या वर्षाचे, प्रकल्पासाठी, माझ्या गळ्यात. एक मुलगा. जंगलात यायला पांढरा शर्ट, आणि इस्त्रीची धार अशी की बोट कापावं. बस म्हटलं तर आधी रुमाल अंथरला. मी मनातल्या मनात बारसं करून टाकलं — परीटघडी. दुसरी मुलगी. तिनं खुशाल मातीत फतकल मारली, पण तोंड काही मिटेना. 'पण मॅडम', 'पण मॅडम', 'पण मॅडम'! सरळ रस्त्याला इतके फाटे फोडणारी माणसं मी आजवर फक्त विभागाच्या बैठकीत पाहिली होती. फाटेबाई!

पहिल्या दिवशी माझ्याकडे मोजमाप नसतं. एका झाडाखाली तीन तास बसायचं आणि मनात येतील ते प्रश्न लिहायचे, बस. परीटघडीनं चार लिहिले. त्यातला एक 'जेवायला किती वाजता?' फाटेबाईनं एकसष्ट. वही संपली म्हणून पुठ्ठ्यावरसुद्धा.

मामा लांब उभे राहून बघत होते. मामा म्हणजे आमचे वाटाडे. मी या जंगलात पहिलं पाऊल टाकलं तेव्हापासून माझ्या पुढे चालतात. बावीस वर्षांत किती पोरं आली नि गेली, सगळ्यांचे ते मामाच. म्हणाले, "ही पोरगी तुमच्यावर गेलीय, बाई." मी काय अशी होते? मुळीच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

एकसष्ट प्रश्न वाचले. बारावा — 'झाडाला उभं राहून कंटाळा येतो का?' याला मार्क नाहीत. सदतिसावा — 'झेंडी कुणासाठी आहे?'

मी लाल शाईनं लिहिलं, 'आपल्यासाठी! नाहीतर पुरलेलं बी सापडणार कसं?'

मग दोघांना बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. आमच्या झाडाचं फळ लिंबाएवढं, आत एकच टणक बी. हे बी रानउंदीर उकरून खातात. कुठल्या बिया वाचतात हे बघायचं म्हणून मी बावीस वर्षांपूर्वी चारशे बिया बोटभर खोल पुरल्या. निम्म्या आईझाडाखाली, निम्म्या पन्नास मीटर लांब. प्रत्येकीशेजारी एक काठी, काठीला लाल झेंडी. अजूनही दरवर्षी काही बिया अशाच पुरतो. लांबच्या दहांतल्या आठ खाल्ल्या गेल्या, जवळच्या दहांतल्या चारच. सगळं जग उलट म्हणत होतं — म्हणे आईपासून लांब गेलेलं बी जगतं. मी म्हटलं, आमच्या झाडाचं तसं नाही. आईखाली इतका सडा पडलेला असतो की उंदरांचं पोट भरतं. लांबचं एकटं बी मात्र बरोब्बर हेरलं जातं. निबंध छापून आला, गाजला, क्रमिक पुस्तकात गेला. सासूबाईंनी तर दिरांची बदली रोखायला त्याचा वापर केला होता — "बघ, तुझी वहिनी सिद्ध करून बसलीय!"

फाटेबाईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "पण मॅडम, उंदरालाही झेंडी दिसत असेल ना?"

"उंदराला लाल रंग धड दिसत नाही," मी म्हटलं. विषय संपला.

"रंग नाही हो, काठी! आणि काठीला आपल्या हाताचा वास."

विषय संपला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विभागप्रमुख खोलीत आले. जूनमध्ये मी निवृत्त होतेय, तर अठ्ठावीस मार्चला मोठ्या सभागृहात माझं व्याख्यान. विषय त्यांनीच ठरवून टाकला — 'आईच्या पदराखाली'. छापायलासुद्धा टाकला. मी आढेवेढे घेतले. फार नाही घेतले. खरं सांगायचं तर घरी येताना बसमध्ये मनातल्या मनात पहिलं वाक्य पाठ करत होते आणि माझा थांबा गेला.

१० फेब्रुवारी, सोमवार

फाटेबाईचा हट्ट पुरवला. हौस फिटू दे एकदाची! एकशे साठ बिया. जवळ आणि लांब हे माझ्यासारखंच, पण दोन्हीकडे निम्म्यांना झेंडी, निम्म्यांना काहीच नाही. झेंडी नसलेल्या बिया सापडणार कशा? तर बुंध्याला दोरी बांधून, होकायंत्र धरून, पावलं मोजून वहीत नकाशा. दिवसभराचं काम. शिवाय चाळीस झेंड्या नुसत्याच. खाली बी नाही, काही नाही.

परीटघडी दोरीचं दुसरं टोक धरायला. संध्याकाळपर्यंत त्याच्या शर्टाची पार रया गेली. मला का कोण जाणे बरं वाटलं.

शेवटची झेंडी रोवून मामा नेहमीचं म्हणाले, "झालं वाढून!" दरवर्षी शेवटच्या झेंडीला हेच म्हणतात. का ते कधी विचारलं नाही. काही माणसं काम संपलं की हात झटकतात, तसं असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिली मोजणी. माझी पाठ धरली, गेले नाही. मुलं आणि मामा गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी मोजणी. पाठीमुळे याही वेळी मी गेले नाही. फाटेबाई परत आल्यापासून एकदाही 'पण मॅडम' म्हणाली नाही. तापबिप नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. नव्हता.

परीटघडीला विचारलं, काय झालं रे हिला? तो म्हणाला, "काही नाही, मॅडम. आकडे आहेत फक्त." आणि बुटाची लेस बांधत बसला. लेस बांधलेलीच होती.

१० मार्च, सोमवार

शेवटची मोजणी. वही माझ्या टेबलावर ठेवून दोघं उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

आईझाडाखाली — झेंडी असलेल्या चाळिसातल्या सतरा गेल्या, नसलेल्या चाळिसातल्या सोळा. म्हणजे तिथं झेंडीनं काही फरक नाही. अन्न पायाखालीच पडलंय, तर पाटी वाचायला कोण थांबतं?

लांब — झेंडी असलेल्या चाळिसातल्या बत्तीस गेल्या. माझेच दहात आठ, तंतोतंत! आणि झेंडी नसलेल्या? चाळिसातल्या आठ. दहात दोन.

आणि नुसत्या झेंड्या, खाली काहीच नसलेल्या — चाळिसातल्या एकोणतिसांखाली खड्डे.

म्हणजे लांबचं बी जगतं. सगळं जग म्हणतं तसंच. माझ्या बिया मारल्या त्या माझ्याच झेंड्यांनी.

मी म्हटलं, "छान. नीट काम केलंयस." मग म्हटलं, "एकच हंगाम आहे पण. अजून एक हंगाम करून बघायला हवं. तोवर हा भाग प्रकल्पात नको घालूस, झाडांची उंची वगैरे घाल."

पुढच्या हंगामात मी इथं नसेन. हे मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, परीटघडीला ठाऊक होतं. ती फक्त "बरं, मॅडम" म्हणाली. या मुलीच्या तोंडून 'बरं' मी पहिल्यांदा ऐकलं. कानाला बरं लागलं नाही.

११ मार्च, मंगळवार

प्रकल्प वीस तारखेला द्यायचाय. माझ्या सहीशिवाय घेत नाहीत. आणि प्रकल्प गेला नाही तर तिची पुढच्या संशोधनाची जागा जाते. दोनशे अर्जांतून तीन निवडलेत, त्यात ही एक.

तिचं शिफारसपत्र लिहायला घेतलं. 'विद्यार्थिनी अतिशय शंकेखोर आहे' असं लिहून गेले. खोडलं. मग काहीच सुचेना.

१२ मार्च, बुधवार

आज काही लिहावंसं वाटत नाही. व्याख्यानाच्या पत्रिका आल्या. जाड कागद आहे.

१३ मार्च, गुरुवार

यांना सांगितलं शेवटी. यांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना तपासून तपासून माणूस असा झालाय की बायकोच्या तोंडाकडेही पाटीवरची अक्षरं बघावी तसं बघतो. मी पाऊण तास बोलले. एकच हंगाम, नमुना लहान, पाऊसमान वेगळं, उंदरांची जातसुद्धा बदलली असेल. हे एका काचेला फुंकर मारून पुसत होते.

म्हणाले, "आमच्याकडे रोज एक तरी येतो असा. वीस वर्षं जुना चष्मा घालून म्हणतो, माझी नजर उत्तम, अक्षरंच हल्ली बारीक छापतात."

मी उठून आत गेले. राग आला. हे खरं बोलले म्हणूनच आला, पण आला!

थोड्या वेळानं यांनी दाराशी येऊन विचारलं, "चहा करू?" मी म्हटलं, "करा." इतकीच आमची भांडणं.

१५ मार्च, शनिवार

स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. पाठ गेली खड्ड्यात. काल दुपारीच पोचलो आम्ही चौघं, मुक्काम संशोधन-झोपडीत. मनात आशा होती, खोटं कशाला बोलू. ते खड्डे डुकरांचे निघतील, नाहीतर मोजण्यात चूक निघेल. मुलांच्या मोजण्यात चूक निघायची मी वाट पाहत होते! बावीस वर्षं मुलांना शिकवलं की उत्तर आवडलं तर दुप्पट संशय घ्या. नावडलं तर काय करायचं ते मात्र शिकवलं नव्हतं बहुतेक.

आज सकाळी झोपडीमागं आरडाओरडा. परीटघडी! काल आल्या आल्या त्यानं आपला तो लाडका रुमाल धुतला. तारेवर बाकीच्यांचे मळके कपडे, त्यात याचा रुमाल कसा चालेल? म्हणून साहेबांनी काठी घेतली, लांब मोकळ्या जागेत जमिनीत रोवली, वर रुमाल वाळत घातला. आणि आज सकाळी काठीच्या बुडाशी खड्डा. चांगला मूठभर. माती बाजूला उडालेली, काठी कलंडलेली, रुमाल मातीत.

"माझा रुमाल!" तो म्हणाला.

मी गुडघ्यावर बसले. खड्ड्याच्या कडेला पंजांच्या रेघा, बारीक, रानउंदराच्या. इतक्या ओळखीच्या की माझ्या निबंधात त्यांचा फोटो आहे. तिथं ना बी होतं, ना प्रयोग, ना फाटेबाईचा हट्ट. नुसती एक काठी, आणि एका नीटनेटक्या मुलाचा रुमाल.

मला हसू फुटलं. थांबेचना. मग रडू आलं, तेही थांबेना. तिघं अवघडून उभे. शेवटी परीटघडीनं तोच मातकट रुमाल झटकून माझ्यापुढं धरला. पोरगा सुधारतोय!

१७ मार्च, सोमवार

सही केली. सगळा भाग घालायला लावला — सगळे आकडे, नुसत्या झेंड्यांसकट. रुमालाचा किस्सा परिशिष्टात. फाटेबाई म्हणाली, "पण मॅडम, तुमचं व्याख्यान?"

म्हटलं, बाई गं, तू आधी पुन्हा 'पण मॅडम' म्हणालीस, तेवढ्यानंच जिवात जीव आला. व्याख्यानाचं बघते मी.

शिफारसपत्रात लिहिलं — 'विद्यार्थिनी अतिशय शंकेखोर आहे.' या वेळी खोडलं नाही. खाली एक ओळ वाढवली — 'माझ्या बावीस वर्षांच्या कामातली सर्वांत मोठी चूक तिनं पाच आठवड्यांत शोधली.'

गेल्या सोमवारी मी तिला अडवलं होतं, हे लिहिलं नाही. इथं लिहून ठेवते. लाज वाटते.

२० मार्च, गुरुवार

प्रकल्प गेला. दुपारी तीनला. मुदत चारची. शिक्क्याची शाई सांडली आणि परीटघडीच्या शर्टावर डाग. म्हणाला, "असू दे."

२८ मार्च, शुक्रवार

सभागृह भरलेलं. पत्रिकेवर 'आईच्या पदराखाली'. मी फळ्यावर खाली लिहिलं — 'आणि झेंडीखाली'.

सगळं सांगितलं. माझे आकडे, तिचे आकडे, रुमाल. रुमालाला हशा पिकला. मग मी म्हटलं, "माझा निबंध चूक आहे. मासिकाला मी तसं पत्र लिहीत आहे. पुस्तकातून तो काढावा." कुणाच्या तरी पिशवीतलं बिस्किटाचं पुडकं वाजलं, ते मंचापर्यंत ऐकू आलं. मी फाटेबाईला उभं केलं. टाळ्या! अख्खं सभागृह उभं राहिलं. ती रडतेय, परीटघडी रुमाल देतोय — नवा होता, निळा.

नंतर सगळे भेटायला. 'किती मोठं मन!' 'असे शिक्षक आता कुठे?' विभागप्रमुख तर हातच सोडेनात माझा. निबंध गाजला तेव्हासुद्धा इतकं कौतुक झालं नव्हतं! चूक कबूल करण्यात इतका फायदा असतो हे आधी कळतं तर दरवर्षी एक केली असती. यांनी हळूच कानात सांगितलं, "जमिनीवर या, रिक्षा थांबलीय."

मामासुद्धा आले होते. या इमारतीत पहिल्यांदाच. परीटघडीनं दिलेला शर्ट घातलेला, कडक, शेवटच्या रांगेत. सगळे हसले तेव्हा ते हसले नाहीत, हे मी वरून पाहिलं. बाहेर विचारलं, "काय मामा, आवडलं नाही?"

"चांगलं बोललात, बाई," म्हणाले. "बस चुकेल माझी."

३० मार्च, रविवार

मासिकाच्या पत्रासाठी जुने आकडे हवे होते म्हणून माळ्यावरची पेटी काढली. त्यात आकड्यांच्या वहीबरोबर माझी त्या वर्षीची रोजनिशीही. उघडली. एकोणीस फेब्रुवारी, पहिला हंगाम. माझंच अक्षर —

'मामा म्हणतात, बाई, झेंड्या लावू नका, उंदराला वाढून ठेवताय तुम्ही! आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मग बिचारे गुमान झेंड्या रोवायला लागले.'

निबंध त्यानंतर अकरा महिन्यांनी छापून आला. तोही काढून पाहिला. शेवटी आभार आहेत, अगदी बारीक अक्षरात. त्यात मामांची एक ओळ आहे — 'झेंड्या लावून दिल्याबद्दल.'

उद्या पहिल्या बसनं जाते.